दगडूचा टब

आमच्या घरात चार धरणं आहेत. मोरीतलं निळं पिंप म्हणजे बारवी. ओट्याखालची स्टीलची टाकी म्हणजे भातसा. गॅलरीतला झाकणाचा ड्रम म्हणजे सूर्या. तो आज भरणार, उद्या भरणार असं मी रोज म्हणते आणि गळ्यापर्यंत यायच्या आत नळ जातो. चौथी बेसिनखालची लाल बादली, तिचं नाव मृत साठा. तिला कुणी हात लावायचा नाही. ती फक्त प्रलयासाठी. प्रलय आल्यावर पाणी कशाला भरून ठेवायचं, असं कौस्तुभने एकदा विचारलं होतं. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत मी नवऱ्याशी बोलले नाही, कारण उत्तर सुचत नव्हतं.

मी भूगोल घेऊन बी.ए. केलंय, फर्स्ट क्लासमध्ये. भूगोलाचा एवढाच उपयोग झाला की पाणी किती लांबून येतं हे मला कळतं आणि त्यामुळे धास्ती जास्त वाटते. चांदणी झाल्यापासून तर हद्द झाली. तिचं पाणी मी उकळते, गार करते, मग गार होताना त्यात काही पडलं असेल म्हणून परत उकळते. तिच्या अंघोळीला मी ऑनलाइन एक पिवळा टब मागवलाय. त्याच्या तळाला एक बदक आहे, पाणी फार गरम असलं की ते पांढरं पडतं. त्या टबाला चांदणीशिवाय कुणाचं बोटही लागलेलं मला चालत नाही. समोरच्या हंसाबेनने एकदा त्यात ओढणी भिजवू का विचारलं, तर माझा चेहरा बघून त्यांनीच "ना, ना, रहेवा दे" म्हणून दार लावून घेतलं. सकाळी पेपरातला धरणसाठा वाचत मी जिन्यात उभी असते, तेव्हा त्या मुद्दाम विचारतात, "शू डॅमवाली, आजे केटला टका?"

एरवी हे सगळं आमच्या गोडदेवच्या एक बेडरूमच्या घरात मावलं असतं. पण त्या उन्हाळ्यात शहराच्या पाण्याचा नवा आराखडा निघाला आणि नागरिकांकडून हरकती-सूचना मागवल्या. आमच्या बिल्डिंगमध्ये तो मसुदा फक्त मी वाचला. वाचला म्हणजे पेन्सिलीने खुणा करून वाचला. त्यात म्हटलं होतं की धरणाचं पाणी पिण्याला ठेवायचं. बागा, बांधकाम, धुणं-पुसणं यांच्यासाठी जमिनीखालचं पाणी वापरायचं, आणि त्यासाठी जुन्या विहिरी शोधायच्या. मला हे इतकं पटलं की मी तीन पानी सूचना लिहिली. डोंगरापलीकडून पाइपातून आलेलं पाणी आपण गाड्या धुवायला वापरतो, यावर एक पानभर संतापले. आणि शेवटी, कसं कोण जाणे, लिहून गेले: 'माझ्या सासरी मुर्धा येथे बारमाही, गोड व स्वच्छ पाण्याची विहीर आहे.'

ही विहीर मी तेव्हा धड पाहिलीही नव्हती.

म्हणजे दिसली होती. मुर्ध्याला सासूबाईंच्या अंगणातच आहे. त्या तिला बाव म्हणतात. सासऱ्यांच्या घराण्यात पूर्वी भातशेती आणि मिठागरं होती, तेव्हा अख्खी आळी त्या बावेवर पाणी भरायची. आता घरोघर नळ आलेत. बावेवर रहाट आहे, पण त्याचा दोर तुटून कितीक वर्षं झाली. सासूबाई, रखमाबाई त्यांचं नाव, रोज सकाळी कठड्यावरून चिमूटभर भात आत टाकतात आणि म्हणतात, "घे रे दगडू." दगडू म्हणजे बावेतलं कासव. लग्नाला चार वर्षं झाली, पण मला ते कधी दिसलं नव्हतं. मी मनाशी ठरवलं होतं की दगडू हा एक भक्तिभाव आहे.

आणि एक गोष्ट बाकी होती. त्यांच्या घरात बाळंतीण सव्वा महिन्याने पहिल्यांदा घराबाहेर पडते ती बाव पुजायला. ओटी भरायची, पहिलं पाणी तिनेच शेंदायचं आणि बाळाच्या पायावर घालायचं. मी गेले नव्हते. तेव्हा दमट हवा होती, इन्फेक्शनच्या बातम्या होत्या, आणि मुख्य म्हणजे मी होते. मी गोडदेवलाच हळदकुंकू लावून बारवीची पूजा केली आणि फोटो पाठवला. त्यावर आईंचा, म्हणजे सासूबाईंचा, फोन आला. "पोरी, ते पिंप हाय." एवढंच बोलून त्यांनी ठेवला. तेव्हापासून दीड वर्ष कुठल्याही लग्नात, बारशात कुणी चांदणीची चौकशी केली की आई सांगायच्या, "बरी हाय. पन तिची बाव राह्यली."

मे महिन्यात मला एक फोन आला. पाणी खात्यातून कुणी हिना मॅडम बोलत होत्या, विहिरींच्या पाहणीवर होत्या. "तुमची सूचना वाचली. तीन पानं आहेत ना, तीच. गुरुवारी सकाळी मुर्ध्याला येते. विहीर चालू आहे ना?"

मी "हो हो" म्हटलं. मग आईंना फोन केला, तेव्हा कळलं की बाव भरून टाकायचं ठरत आलंय.

ठरवणारे नाथाकाका. ते सासऱ्यांचे धाकटे भाऊ. सासरे गेल्यापासून जागेचे सगळे व्यवहार तेच बघतात. जुनं घर पाडून तिथे मजले चढवायचे होते आणि गाड्या आत घ्यायच्या गेटच्या नेमक्या तोंडात बाव येत होती. आई नाही म्हणून बसल्या होत्या. त्यांची सही लागत नव्हती, पण त्यांना दुखवून पाया खणायची काकांची हिंमत होत नव्हती. माझ्या सूचनेचं कळल्यावर काकांना मार्ग सापडला. ते माझ्याशी फोनवर अगदी गोड बोलले. "बग सूनबाई, मला बावेशी काय वैर न्हाय. तुजी ती मॅडम येउंदे. तिनी सरकारच्या यादीत घेतली तर बाव राह्यली, मी गेट वाकडं करतो. न्हाय घेतली तर शनवारी डंपर येतोय. वहिनीलापन मी तसंच सांगितलंय."

आई फोनवर येऊन फक्त म्हणाल्या, "तू लिवलंस ना, मग आता तूच बग."

बुधवारी दुपारी आम्ही मुर्ध्याला निघालो. एका रात्रीपुरतं जायचं तरी माझ्याबरोबर उकळलेल्या पाण्याचे दोन कॅन, चांदणीचा टब, तिची भांडी आणि ती भांडी धुवायची वेगळी भांडी होती. रिक्षावाल्याने विचारलं, "भाभी, शिफ्टिंग है क्या?" कौस्तुभ रिक्षाबाहेर बघत राहिला.

अंगणात शिरल्या शिरल्या मी कठड्यावरून वाकून पाहिलं. खाली पाणी चमकत होतं. त्यावर हिरवा तवंग, एक दुधाची पिशवी आणि अर्धी चप्पल तरंगत होती. माझ्या डोळ्यांसमोर माझंच अक्षर आलं: 'गोड व स्वच्छ.'

पुढचं मी शांतपणे, शास्त्रोक्त पद्धतीने केलं, हे आधीच सांगून ठेवते.

काकांना सहज विचारलं, "काका, बाव किती खोल?"

"चार पुरुष," काका म्हणाले. म्हणजे चार माणसं एकावर एक उभी राहतील एवढी. मी बाजूला जाऊन माणूस म्हणून कौस्तुभची उंची धरली, चारने गुणली, बावेच्या तोंडाचा घेर पावलांनी मोजला आणि मोबाइलवर पाण्याचं घनफळ काढलं. एवढ्या पाण्याला ब्लीचिंग पावडर किती लागते, त्याचं कोष्टक नेटवर होतं. उत्तर आलं त्यावर मी थोडी वाढवली, कारण ही बाव शेवटी चांदणीच्या पायाला लागणार होती. मग आणखी थोडी, कारण मी मी आहे. हार्डवेअरवाल्याने गोणी खांद्यावर देताना विचारलं, "स्विमिंग पूल है?" मी हसून मान हलवली. कुणीतरी माझं काम ओळखलं, असं मला वाटलं.

आई देवळात गेल्या होत्या. काका चहाला. कौस्तुभ म्हणाला, "समि, आईला विचारून टाक ना."

"विचारलं तर त्या नाही म्हणतील."

"म्हणूनच म्हणतोय."

"तुला बाव वाचवायची आहे की नाही?"

तो चांदणीला घेऊन नाक्यावर गेला. आमच्याकडे मतभेद असेच मिटतात. मी पिशवी आणि चप्पल लांबलचक बांबूला आकडा बांधून बाहेर काढली आणि पावडर बादलीत कालवून कालवून सगळी आत ओतली. उन्हं कलत होती, पाणी पांढरं झालं होतं. मला फार बरं वाटलं. एवढं बरं मला फक्त बाटल्या निर्जंतुक करून ओळीने उपड्या घातल्या की वाटतं.

सकाळी जाग आली ती वासाने. अख्ख्या आळीला वास येत होता. अंगणात बाया नाकाला पदर लावून उभ्या होत्या, आणि आई कठड्याला धरून आत बघत होत्या. त्यांच्या हातात भाताची वाटी तशीच होती.

मी वाकून पाहिलं. दगडू हा भक्तिभाव नव्हता. परातीएवढं कासव बावेच्या भिंतीला पुढचे पाय लावून दगडावर चढायला बघत होतं, घसरत होतं, पुन्हा चढत होतं. मान पूर्ण बाहेर. आणि तवंग गेल्यामुळे त्याच्या खालचं पाणी मला पहिल्यांदाच तळापर्यंत दिसलं. ते चार पुरुष नव्हतं. ते एका पुरुषाच्या कमरेइतकं होतं. वैशाखात बाव तळाला जाते. हे कुणालाही ठाऊक असतं. भूगोलात फर्स्ट क्लास मिळवलेल्या बाईलासुद्धा ठाऊक असायला हरकत नव्हती. भरलेल्या विहिरीचं औषध मी तळातल्या ओंजळभर पाण्याला घातलं होतं, वर थोडं वाढवून.

आई माझ्याकडे वळल्या.  

"मी टाकलं," मी म्हणाले. "पाणी स्वच्छ व्हावं म्हणून."

"अगो बाय," शेजारच्या शकूताई म्हणाल्या. त्यांचं घर मासेमारीवालं, आवाज खाडीच्या पलीकडे जाईल असा. "बावेला कोन अंघोल घालतं? बाव आपल्याला घालते." मग त्याच आपल्या घरात पळाल्या आणि लांब दांड्याचं जाळं घेऊन आल्या. कौस्तुभ पायऱ्यांच्या दगडांवरून उतरला, दोन वेळा निसटला, आणि शेवटी जाळ्यात दगडू आला. वर घेतला तेव्हा त्याचे डोळे मिटलेले होते.

"गोडं पानी आना," शकूताई ओरडल्या. "मोठं भांडं आना."

त्या वेळी नळाला पाणी नव्हतं. आळीत सगळ्यांकडे कळशा आणि हंडे. परातीएवढं कासव हंड्यात जात नाही. सगळे इकडेतिकडे बघत होते. मी कोणाकडेच बघत नव्हते. मी घरात गेले, पिवळा टब आणला, अंगणाच्या मधोमध ठेवला आणि उकळलेल्या पाण्याचे दोन्ही कॅन त्यात रिकामे केले. दगडूला त्यात ठेवलं. बराच वेळ तो नावासारखाच पडून होता. मग त्याने एक पाय हलवला, डोळा उघडला आणि बदकाकडे पाहिलं.

आईंनी भाताची वाटी टबाच्या काठावर ठेवली. मग पहिलं वाक्य बोलल्या. "नाथा, पंप लाव."

नाथाकाका पायरीवर बसून हे सगळं बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर शनिवारचा डंपर स्पष्ट दिसत होता. "वहिनी, आता ती मॅडम येईल. रिकामी बाव दाखवायची तिला?"

"इख प्यालीय माजी बाव. पंप लाव."

काकांकडे पाया खणताना वापरायचा पंप आणून ठेवलेलाच होता. ज्या पंपाने पुढे बाव बुजवायच्या कामातलं पाणी काढायचं होतं, तोच काकांनी स्वतःच्या हाताने खाली सोडला. तासाभरात पाणी गटारात गेलं. "गटारपन आज जल्मात पहिल्यांदा धुतलं," शकूताई म्हणाल्या. मग कौस्तुभ आणि आळीतली दोन माणसं खाली उतरली आणि पाट्यांनी गाळ वर देऊ लागली. पूर्वी दर वैशाखात आळी मिळून बाव अशी उपसायची, असं कुणीतरी म्हणालं. मग सगळेच म्हणू लागले. गाळात दोन तांब्याची भांडी निघाली, त्यावरून दोन घरांत भांडण झालं आणि मिटलं.

आणि तेवढ्यात हिना मॅडम आल्या. स्कूटर लावली, हेल्मेट काढलं, वासाने नाक मुरडलं, पिवळ्या टबातल्या कासवाकडे बघितलं आणि बावेत डोकावल्या. खाली चिखलात उभा माझा नवरा त्यांना नमस्कार करत होता.

त्या माझ्यापेक्षा लहान असतील. मी त्यांना एका दमात सगळं सांगितलं: तीन पानं, तवंग, चार पुरुष, कोष्टक, वर वाढवलेली पावडर, मग आणखी वाढवलेली पावडर. विहीर स्वच्छ असल्याचं लिहिलं होतं म्हणून ती स्वच्छ करायला गेले, हेही सांगितलं. काका मागून हळूच म्हणाले, "म्हंजे आता यादीत काय ही येत न्हाय."

मॅडमनी बॅगेतून टेप काढली. "उपसली कधी?"

"आत्ताच," मी म्हणाले. "गाळ काढतायत अजून."

"तळापर्यंत?"

"बघा ना," काका म्हणाले, "एक थेंब न्हाय."

"मग बरंच झालं," मॅडम म्हणाल्या. "आत किती पाणी आहे त्याला मला काय करायचं? उपसल्यावर परत किती येतं ते बघायचं असतं. त्यासाठी पंप लागतो, आणि पंप कुणी देत नाही. तीन विहिरींवरून तशीच परत आलेय." त्यांनी टेपचं एक टोक माझ्या हातात दिलं. "धरा. खुर्ची आहे का कुणाकडे?"

माणसं वर आली. खुर्ची आली, चहा आला. सगळी आळी कठड्याभोवती उभी राहून रिकाम्या बावेत बघत होती. खाली काळा, ओला दगड होता, बाकी काही नाही. चहा संपला, तरी काही नाही. काका गेट कुठून कुठपर्यंत येईल ते कुणाला तरी हाताने दाखवू लागले. आई एका जागी हलल्या नव्हत्या. मी टेप इतकी घट्ट धरली होती की तिची कड बोटात रुतत होती. माझ्या डोक्यात एकच चाललं होतं: मी पावडरीने झरेसुद्धा मारले. झरे असे मरत नाहीत हे मला भूगोलाने शिकवलंय, पण त्या वेळी भूगोल माझ्या बाजूने नव्हता.

"तो बग," आई म्हणाल्या.

मला दिसलं नाही. मग दिसलं. अंगणातल्या पिंपळाच्या बाजूच्या सांध्यातला दगड चकाकायला लागला होता. तिथून एक बारीक धार सुटली. थोड्या वेळाने दुसरीकडून एक. मग तळाचा चिखल सगळीकडून एकदम दिसेनासा झाला आणि त्यावर आभाळ दिसू लागलं.

"गाळ काढलात म्हणून मोकळे झालेत," मॅडम म्हणाल्या. त्या टेप वाचत होत्या, लिहीत होत्या. वासासाठी त्यांनी बाव पुन्हा एकदा उपसायला लावली आणि काकांनी या वेळी कुणी न सांगता पंप सोडला. दुसऱ्यांदा पाणी आलं ते पहिल्यापेक्षा जोरात. काका कठड्यावर वाकून बघत होते. "माजा पंप साडेसात एचपीचा हाय," ते कुणाला उद्देशून नाही अशा सुरात म्हणाले. "तरीपन हिला पुरला न्हाय."

मॅडमनी पेल्यात पाणी घेऊन त्यात पेनसारखं यंत्र बुडवलं. "पिण्याला नाही. खारटपणा आहे."

"साकर हाय साकर," आई म्हणाल्या. "तुजा पेन बिगडलाय, बाय."

"आजी, खाडी जवळ आहे ना."

"खाडी माज्या लग्नाच्या आदीपासून हाय."

मॅडमनी यंत्र पुसून ठेवलं. त्यांनी लिहिलं: वापराकरिता योग्य, पुनर्भरण चांगले. "यादीत घेतेय," त्या म्हणाल्या. "पण मॅडम, तुम्ही आता हिच्यात काही टाकू नका." हे त्या मला म्हणाल्या. आळीतल्या सगळ्यांनी माना हलवल्या, शकूताईंनी जरा जास्तच.

काकांनी पंपाचा पाइप गुंडाळला. बराच वेळ गुंडाळत होते. "गेट वाकडं घ्यायला लागंल," ते अखेर म्हणाले. "गाडी रिवर्स करताना शिव्या देतील मला." आईंनी त्यांना परत चहा दिला. साखर जास्त घातली होती.

वास पूर्ण जायला आठवडा गेला. पुढच्या रविवारी आम्ही परत गेलो. रहाटाला नवा दोर होता. मी ओटी भरली, नारळ ठेवला, पाणी शेंदलं. हात सोलवटले, ते कुणी विचारलं नाही. आईंनी चांदणीला कठड्यावर धरलं आणि मी तिच्या पायांवर पाणी घातलं. न उकळलेलं, खारट, यंत्राने नापास केलेलं. तिने पाय झाडले, ओला झालेला हात बघितला आणि सबंध तोंडात घातला.

सगळी आळी माझ्याकडे बघत होती. मी काही केलं नाही. माझ्या आयुष्यातली ही सगळ्यात अवघड न केलेली गोष्ट.

दगडूला दुपारी बावेत सोडलं. तो आधी टबातून निघायलाच तयार नव्हता. आईंच्या मते त्याला बदकाची सवय झाली होती. निघताना मी टब उचलायला गेले, तर आईंनी त्यावर हात ठेवला.

"राहू दे हितंच," त्या म्हणाल्या. "दगडूला लागंल. तुला परत कवा काय सुचंल, सांगता येत न्हाय."

टब बावेशेजारी उपडा घालून ठेवलाय. चांदणी आता लाल बादलीत अंघोळ करते. मृत साठा संपलाय. हंसाबेन विचारतात तेव्हा मी सांगते, तीनच धरणं उरलीत, आणि एक बाव.